सीएएससाठी विशेष प्रशिक्षण: कोणतं घ्यावं, कोणत्या क्रमाने, आणि मराठी मुलांसाठी काय बदलावं?

रुणझुण
नमस्कार मंडळी. इथे बरेच स्पीच थेरपिस्ट आहेत, काही पालकही आहेत, म्हणून धागा काढते आहे.

चाइल्डहुड अप्रॅक्सिया ऑफ स्पीच (यापुढे नुसतं सीएएस), म्हणजे बोलण्याच्या हालचालींची आखणी न जमण्याचा मुलांमधला वाचादोष, पदवीच्या अभ्यासक्रमात व्याख्या, लक्षणं आणि डिसार्थ्रियापासूनचा (स्नायूंच्या दुबळेपणामुळे होणाऱ्या वाचादोषापासूनचा) फरक एवढ्यावर आटोपतं. प्रमाण हजारी एक-दोन मुलं असं धरतात, त्यामुळे इंटर्नशिपमध्येही अशी मुलं फारशी हाताखालून जात नाहीत. नोंदणी झाली की कायद्याने आपण उपचार करू शकतो, पण नेहमीच्या उच्चारदोषाची पद्धत या मुलांना लावली की महिनोन्महिने सत्रं होतात आणि शब्द पुढे सरकत नाहीत.

प्रश्न तीन. डीटीटीसी, प्रॉम्प्ट, रेस्ट, नफिल्ड, कॉफमन या सगळ्या उपचारपद्धतींची प्रशिक्षणं आहेत, त्यातलं आधी कोणतं घ्यावं? प्रशिक्षण घेऊन नेमकं कोणतं कौशल्य हाती यायला हवं? आणि हे सगळं इंग्रजीवर बेतलेलं असताना मराठी मुलांसाठी काय बदलायचं?

वाचस्पती
चांगला विषय. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर हाती असेल तर पहिला सोपा होतो.

सीएएसमध्ये स्नायू दुबळे नसतात आणि मुलाला ध्वनींचे नियमही अवगत असू शकतात. अडतं ते हालचालीच्या आखणीत. ओठ, जीभ, जबडा, आवाज या सगळ्यांनी एका ध्वनीकडून दुसऱ्याकडे कोणत्या वेळी, किती आणि कुठून जायचं, ती आखणी जमत नाही. म्हणून उपचाराचं एकक ध्वनी नाही, *हालचाल* आहे. हे एक वाक्य ज्याच्या हातात उतरलं त्याचं निम्मं प्रशिक्षण झालं. ‘ब’ शिकवायचा नाही, ‘बस’मधला ब कडून स कडे जाणारा प्रवास शिकवायचा.

यातून चार कौशल्यं येतात. लक्षणं कानाने आणि डोळ्याने अचूक टिपणं. थोडे पण योग्य शब्द निवडणं. संकेत देणं आणि, जास्त महत्त्वाचं, ते वेळेवर काढून घेणं. आणि एका सत्रात भरपूर वेळा बोलून घेणं. प्रमाणपत्र कोणतंही असो, ही चार नसतील तर उपयोग नाही.

दिगंत
वाचस्पतींशी सहमत. फक्त पहिलं कौशल्य, लक्षणं टिपणं, सगळ्यात कमी शिकवलं जातं आणि तिथेच घोळ होतो. आशाच्या, म्हणजे अमेरिकी वाक्-भाषा-श्रवण संघटनेच्या, २००७ च्या अहवालात तीन लक्षणांवर एकमत नोंदवलं आहे: तोच शब्द पुन्हा म्हणताना स्वर-व्यंजनांच्या चुका दर वेळी वेगळ्या होणं, ध्वनींमधले आणि अक्षरांमधले सांधे लांबणं किंवा तुटणं, आणि सुरावट बिघडणं.

त्यानंतर श्रायबर्ग, पॉटर आणि स्ट्रँड यांनी २०११ मध्ये मांडलेली दहा लक्षणांची यादी जास्त कामाची वाटते. त्यातली किमान चार लक्षणं किमान तीन वेगवेगळ्या भाषिक कामांत दिसायला हवीत. स्वर विकृत होणं, सघोष-अघोष (ब-प, द-त) गोंधळ, सुरुवातीची मुखस्थिती घेताना चाचपडणं, मध्येच ‘अ’ घुसणं, शब्द लांबला की चुका वाढणं, अक्षरं सुटी पडणं, सगळ्या अक्षरांवर सारखाच भार येणं वगैरे.

प्रशिक्षणात हे व्हिडिओवर बसून करायला हवं. एकच तीन मिनिटांची फीत दोघांनी स्वतंत्रपणे तपासायची, खुणा जुळवायच्या, जुळल्या नाहीत तिथे फीत मागे घेऊन पुन्हा ऐकायची. नुसतं व्याख्यान ऐकून स्वरविकृती कानाला कळत नाही.

सोनचाफा
मी पालक म्हणून विचारतेय. मूल अडीच वर्षांचं असताना कोणी खात्रीने ‘सीएएस आहे’ म्हणालं तर विश्वास ठेवावा का?

वाचस्पती
सोनचाफा ताई, त्या वयात खात्रीने सांगणं अवघड असतं. निदानासाठी मुलाने पुरेसं बोलायला आणि नक्कल करायला हवं. तीन वर्षांच्या आत जाणकार थेरपिस्ट ‘सीएएसचा संशय’ असं लिहितो, उपचार हालचालीच्या अंगाने सुरू करतो आणि ठरावीक काळाने फेरतपासणी करतो. त्याआधी श्रवणचाचणी झालीच पाहिजे. आणि नुसतं उशिरा बोलणं म्हणजे सीएएस नव्हे.

मूर्धन्य
भाषेच्या बाजूने थोडं. थेरपिस्ट नाही, पण ध्वनिविचार हाच अभ्यासाचा विषय आहे.

इंग्रजीत आघात अर्थभेद करतो. मराठीत शब्दाचा अर्थ आघाताने बदलत नाही. त्यामुळे ‘शब्दाघात चुकतो’ हे लक्षण मराठी मुलात इंग्रजीसारखं शोधलं तर हाती काही लागणार नाही, किंवा चुकीचं लागेल. मराठीत सुरावट वाक्यात पाहावी. ‘बाबा आले.’ आणि ‘बाबा आले?’ यातला सूर मुलाला जमतो का? ‘फुलपाखरू’ सलग येतं की ‘फुल... पा... ख... रू’ असं एकेक अक्षर सारख्या लांबीचं सुटं पडतं? तिथे खरी खूण सापडेल.

दुसरं, ‘मध्येच अ घुसणं’. ‘प्राणी’चं ‘पराणी’, ‘प्रकाश’चं ‘परकाश’ हे कित्येक मराठी मुलं करतात आणि काही बोलींत मोठी माणसंही तसंच बोलतात. यावरून सीएएसची खूण मारू नये. जोडाक्षर नसलेल्या ठिकाणी ‘अ’ घुसत असेल, म्हणजे ‘बस’चं ‘बअस’ किंवा ‘हात’चं ‘हातअ’, तर मात्र लक्ष द्यावं.

तिसरं, बोली. वऱ्हाडात ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘डोळा’चा ‘डोया’. ‘पाणी’चं ‘पानी’ तर महाराष्ट्रभर ऐकू येतं. घरात सगळे ‘पानी’ म्हणत असतील तर मुलाचं ‘पानी’ शंभर टक्के बरोबर.

गवतीचहा
मूर्धन्य, ‘हातअ’ वरून आठवलं. बाराखडीचा याच्याशी काही संबंध आहे का? बरेच पालक सल्ला मिळाल्यासारखे रोज अर्धा तास ‘क, का, कि, की’ घोकून घेतात.

मूर्धन्य
आहे, आणि चांगलाच आहे. ‘कमळ’ लिहिताना तीन अक्षरं, पण बोलताना शेवटच्या ळ मध्ये ‘अ’ नाही. ‘क... म... ळ’ असं एकेक अक्षर म्हणायला लावलं की प्रत्येकाच्या शेवटी ‘अ’ येतोच, आणि तीन सुटे तुकडे तयार होतात. सांधा, जो मुलाला जमत नाही, तो सरावातून गायबच झाला.

रुणझुण
हे दर वेळी पालकांना सांगावं लागतं. बाराखडी वाईट नाही, लिहा-वाचायला लागताना तिची जागा आहे. पण सीएएसच्या मुलाच्या बोलण्याचा उपचार म्हणून ती नेमकी उलटं काम करते.

दिगंत
आता प्रशिक्षणांबद्दल. प्रॉम्प्टपासून सुरू करतो कारण भारतात त्याची कार्यशाळा झाली की चर्चा होते.

प्रॉम्प्ट डेबोरा हेडन यांनी विकसित केलं, संस्था न्यू मेक्सिकोतल्या सांता फे इथे आहे. पहिली पायरी तीन दिवसांची कार्यशाळा, त्यात चेहऱ्यावर आणि हनुवटीखाली द्यायचे स्पर्श-संकेत शिकवतात: जबडा किती उघडायचा, ओठ गोल की ताणलेले, जिभेचा कुठला भाग, किती वेळ, सघोष की अघोष. पुढे ब्रिजिंग नावाची दुसरी कार्यशाळा, मग प्रमाणपत्रापर्यंतचा लांबचा प्रवास. हात घडवायला तीन दिवस पुरत नाहीत. कार्यशाळेनंतर पहिले काही आठवडे आधी मोठ्या माणसांच्या चेहऱ्यावर सराव करावा, नाहीतर संकेत मुलाच्या उच्चाराच्या मागे पडतो आणि मूल गोंधळतं.

माझं मत: प्रॉम्प्ट शिकल्याने जबड्याच्या आणि ओठांच्या हालचालींकडे पाहण्याची नजर तयार होते. ती दुसरीकडे इतक्या बारकाईने मिळत नाही.

वाचस्पती
नजरेबद्दल मान्य. पण पहिलं प्रशिक्षण म्हणून मी प्रॉम्प्ट सांगणार नाही. एक तर खर्च. दुसरं, सीएएसवरचा पुरावा लहान आहे, मोठा तुलनात्मक प्रयोग झाला तो स्पीच मोटर डिलेच्या (बोलण्याच्या हालचालींवर ताबा उशिरा येणाऱ्या, सीएएस नसलेल्या) मुलांवर. तिसरं, स्पर्श नकोसा वाटणाऱ्या मुलांसमोर पहिल्याच दिवशी अडचण येते.

पहिलं डीटीटीसी, म्हणजे ‘डायनॅमिक टेम्पोरल अँड टॅक्टाइल क्यूइंग’, वेळेच्या आणि स्पर्शाच्या संकेतांची पद्धत. मेयो क्लिनिकच्या इडिथ स्ट्रँड यांची पद्धत, मुळात रोझेनबेक यांनी १९७३ मध्ये प्रौढांसाठी मांडलेल्या ‘बघ, ऐक, माझ्याबरोबर म्हण’ या तत्त्वावर उभी. स्ट्रँड यांचा स्वतःचा ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहे, व्हिडिओसह. गंभीर सीएएस आणि लहान मुलं यांच्यासाठी हीच सुरुवात.

दिगंत
खर्चाचं खरं आहे. पण डीटीटीसीतही स्पर्श-संकेत आहेतच की, नावातच ‘टॅक्टाइल’ आहे.

वाचस्पती
आहेत, पण लागतील तेवढेच आणि लागतील तेव्हाच. तिथे मुख्य काम वेळेचं आहे. पायऱ्या सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

आधी थेट अनुकरण करून बघायचं. तुम्ही ‘दे’ म्हणालात, मूल म्हणालं. बरोबर आलं तर पुढे. चुकलं तर मागे, *एकाच वेळी* म्हणण्याकडे: दोघं मिळून, संथ गतीने, मुलाची नजर तुमच्या तोंडावर. संथ म्हणजे स्वर ताणायचा, तुकडे करायचे नाहीत. ‘द... ए’ नव्हे, ‘देऽऽ’. तरीही सुरुवातीची मुखस्थिती जमत नसेल तर बोलण्याआधी ती स्थिती क्षणभर धरून ठेवायची, तिथे स्पर्शाची मदत. एकत्र म्हणणं सहज होऊ लागलं की गती नेहमीची करायची, सूर बदलून बघायचा, कधी प्रश्नार्थक, कधी हाक मारल्यासारखं. मग तुमचा आवाज कमी करायचा, नुसते ओठ हलवायचे. मग थेट अनुकरण. तेही पक्कं झालं की तुमच्या म्हणण्यात आणि मुलाच्या म्हणण्यात दोन-तीन सेकंदांचं अंतर. शेवटी प्रश्न किंवा प्रसंग देऊन उत्स्फूर्त.

हा जिना एकदाच चढायचा नसतो. एकाच शब्दावर, एकाच मिनिटात, दोन पायऱ्या वर आणि एक खाली असं होत राहतं. ती चढउतार करण्याचा निर्णय दर उच्चारानंतर सेकंदाच्या आत घ्यावा लागतो, म्हणून ही पद्धत वाचून येत नाही.

दोन ठरलेल्या चुका. एकत्र म्हणण्याच्या पायरीवर आठवडे काढणं: मूल तुमच्या आवाजाला टेकून बोलायला शिकतं. आणि संथ गती तशीच ठेवणं: शब्द अचूक येतो पण यंत्रासारखा, आणि मग ती लय मोडणं वेगळं काम होऊन बसतं.

माणदेशी
हे सगळं वाचायला छान आहे. पण तालुक्याच्या ठिकाणी मूल आठवड्यातून एकदा, तेही ३० मिनिटं येतं. पालक दोन एसट्या बदलून येतात. आशाच्या अहवालात आठवड्याला तीन ते पाच सत्रं सुचवली आहेत, ती कुठून आणायची?

रुणझुण
माणदेशी, रास्त प्रश्न. आधी हाती असलेली ३० मिनिटं पाहू या. एडील आणि गिल्डरस्लीव्ह-न्यूमन यांचा २०११ चा दोन मुलांवरचा अभ्यास आहे: १५ मिनिटांत १०० पेक्षा जास्त उच्चार विरुद्ध ३०-४० उच्चार. जास्त उच्चारांच्या शब्दांत प्रगती लवकर झाली आणि बाहेरही पोचली. म्हणजे सत्रांची संख्या वाढवता येत नसेल तरी सत्रातले उच्चार वाढवता येतात.

ते वाया कुठे जातात ते मोजा. पझलचा तुकडा लावायला मुलाला आठ-दहा सेकंद लागतात. दर उच्चाराला एक तुकडा दिला तर १०० उच्चारांत पंधरा मिनिटं नुसती पझलमध्ये गेली. त्याऐवजी दर उच्चाराला डब्यात एक मणी टाकायचा, दोन सेकंदांचं काम, आणि वीस मणी झाले की एक मिनिट खेळ. दुसरी गळती आपल्या बोलण्यात. ‘वा वा, छान, शाब्बास, आता परत म्हण हं’ यात पाच सेकंद. मान हलवली तरी पुरतं.

वाचस्पती
आणि शब्द कमी ठेवा. सीएएस गंभीर असलेल्या मुलासाठी एका वेळी चार ते सहा. वीस चित्रांचा गठ्ठा घेऊन बसलं की प्रत्येक शब्द पाचदा होतो, कुठलाच पक्का होत नाही.

माणदेशी
घरचा सराव?

वाचस्पती
घरी फक्त तोच शब्द द्यायचा जो थेरपीत थेट अनुकरणाने बहुतेक वेळा बरोबर येतो. जो अजून एकत्र म्हणावा लागतो तो घरी नको. चुकीची हालचाल शंभरदा झाली तर तीच पक्की होते. पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीन-चारदा: दात घासताना, जेवताना, पायात चप्पल घालताना. सलग अर्धा तास नको.

आणि पालक दोन एसट्या बदलून येत असतील तर ठोक वेळ ठरवून पाहा. दोन-तीन आठवडे रोज, मग खंड. पालकांना त्या काळात गावात कोणाकडे राहता येत असेल तर वर्षभर आठवड्याला एकदापेक्षा ते उपयोगी पडतं.

खटपट्या
ऑनलाइन सत्रांचा पर्याय कुणी मांडला नाही म्हणून लिहितो. व्हिडिओ कॉलवर डीटीटीसीची ‘एकत्र म्हणणं’ ही पायरी चालत नाही. आवाज पोचायला काही अंश सेकंद लागतो, आणि बहुतेक अॅप्स दोघं एकदम बोलले की एकाचा आवाज दाबतात. थेरपिस्टला वाटतं आपण एकत्र म्हणतोय, मुलाला मात्र आपला आवाज उशिरा ऐकू येतो.

उपाय: एकत्र म्हणणारी व्यक्ती मुलाशेजारी बसलेला पालक. थेरपिस्ट पालकाला शिकवतो आणि मुलाचं तोंड पाहतो. कॅमेरा मुलाच्या तोंडाच्या उंचीवर, प्रकाश समोरून, खिडकी पाठीमागे नको. ‘नॉइज सप्रेशन’ बंद करा, नाहीतर स, श, फ हे घर्षणाचे ध्वनी अॅप गोंगाट समजून कापतं. थेट अनुकरणापासून पुढच्या पायऱ्या ऑनलाइन व्यवस्थित होतात. रेस्ट दूरस्थ पद्धतीने देता येतं यावर संशोधनही आहे.

समुद्रकिनारा
लंडनहून लिहिते आहे. इकडे नफिल्डची, म्हणजे एनडीपी३ ची, परंपरा आहे. २००४ ची तिसरी आवृत्ती. विटांच्या भिंतीसारखी रचना: तळाशी सुटे ध्वनी, वर व्यंजन-स्वर, मग दोन अक्षरी, मग बंद (व्यंजनाने संपणारी) अक्षरं, जोडव्यंजनं, वाक्यं.

सिडनीत एलिझाबेथ मरे, ट्रिशिया मॅकेब आणि किरी बॅलर्ड यांनी एनडीपी३ आणि रेस्टची तुलना केली, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली: ४ ते १२ वर्षांची २६ मुलं, तीन आठवडे, आठवड्यात चार दिवस, रोज एक तास, एकूण १२ सत्रं. दोन्हींनी फरक पडला. शिकवलेल्या शब्दांवर लगेचची सुधारणा एनडीपी३ मध्ये जास्त होती, पण चार महिन्यांनी पाहिलं तर कमावलेलं टिकवण्यात रेस्ट पुढे. कॉक्रेन या उपचारांचा पुरावा तपासणाऱ्या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात बसणारा यादृच्छिक (मुलांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेला) प्रयोग हा एकच होता, त्यावरून या क्षेत्राची स्थिती लक्षात यावी.

गवतीचहा
सुट्या ध्वनीपासून सुरुवात म्हणजे वर बाराखडीवर घेतलेलाच आक्षेप इथे लागू होत नाही का?

समुद्रकिनारा
अर्धा लागू होतो. एनडीपी३ मध्ये सुटा ध्वनी साधला की लगेच त्याचे क्रम जोडायचे असतात: एका ध्वनीच्या चित्रावरून दुसऱ्याकडे, थांबा कमी करत करत. ज्या मुलाजवळ व्यंजनंच तीन-चार आहेत त्याला ध्वनीसाठा वाढवायला याचा उपयोग होतो. जे तळमजल्यावरच रेंगाळतात ते एनडीपी३ नीट करत नाहीत. पण चित्रं इंग्रजी ध्वनींसाठी आहेत, ट आणि त, ड आणि द यांना वेगळी चित्रं स्वतः करावी लागतील, महाप्राणांचीही सोय नाही.

रुणझुण
रेस्टबद्दल लिहाल का कोणी? त्याचं प्रशिक्षण सिडनी विद्यापीठाकडून ऑनलाइन मोफत मिळतं, पण मराठीत कसं उतरवायचं ते कळत नाही.

वाचस्पती
रेस्टमध्ये निरर्थक शब्द असतात, बहुधा तीन अक्षरी, जेणेकरून जुनी चुकीची सवय आड येऊ नये. सत्राचे दोन भाग. आधी पूर्वसराव: इथे सगळी मदत द्यायची, काय चुकलं ते सांगायचं, मुलाला ‘बरोबर’ म्हणजे काय ते कळेपर्यंत. मग सराव: १०० उच्चार, वीस-वीसचे पाच गट, क्रम सरमिसळ. इथे मदत नाही. अभिप्राय फक्त बरोबर की चूक, तोही निम्म्याच उच्चारांवर, आणि तीन ते पाच सेकंद थांबून.

ती शांतता थेरपिस्टला सहन होत नाही. मूल अडखळलं की तोंडातून मदत निघतेच. प्रशिक्षणात हेच मोडावं लागतं. त्या थांबलेल्या सेकंदांत मूल स्वतःचा उच्चार स्वतः तपासतं, आपण बोललो की तपासणं थांबतं.

मराठीची अडचण अशी की मूळ रेस्ट तीन गोष्टी तपासतं: ध्वनी, सलगपणा आणि आघात. मूर्धन्य म्हणाले तसं तिसरं मराठीत त्या रूपात नाही.

मूर्धन्य
तिसऱ्याच्या जागी निरर्थक शब्द छोट्या वाक्यात घालून सूर तपासता येईल: ‘हा बोतीमा.’ ‘हा बोतीमा?’ ध्वनी आणि सलगपणा जसेच्या तसे राहतील. फक्त याला मूळ रेस्टचे निष्कर्ष लावू नयेत, हा बदललेला प्रकार आहे असं फाइलमध्ये स्पष्ट लिहावं.

निरर्थक शब्द करताना च-ज सांभाळा. ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च वेगळे आहेत, लिपी एकच आहे. कागदावरून वाचणारा थेरपिस्ट एकदा एक, एकदा दुसरा उच्चारेल आणि मुलाला चूक देईल.

सोनचाफा
मधेच विचारते. शिट्ट्या वाजवणं, मेणबत्ती फुंकणं, स्ट्रॉने पिणं, जिभेचे व्यायाम, आणि घरून सुचवलेलं वेखंड उगाळून चाटवणं. यातलं काय करायचं?

दिगंत
बोलण्याच्या उपचारासाठी यातलं काहीच नाही. फुंकण्याची हालचाल आणि ‘फ’ म्हणण्याची हालचाल मेंदूसाठी वेगवेगळी कामं आहेत, एकाचा सराव दुसऱ्याला लागू पडत नाही. मुळात सीएएसमध्ये स्नायू दुबळे नसतात, मग बळकट काय करायचं? मॅकॉली आणि सहकाऱ्यांचा २००९ चा आढावा आणि ली व गिबन यांचा २०१५ चा कॉक्रेन आढावा, दोन्हींत अशा व्यायामांना भक्कम आधार सापडला नाही.

वेखंडाने हालचालीची आखणी सुधारत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला ते मधातून देतात, ते तर मुळीच नको, मधातून बोट्युलिझमचा धोका असतो. जिभेखालचा पडदा कापून सीएएस बरा होतो असंही सांगितलं जातं. तसं होत नाही.

गवतीचहा
स्पीच थेरपीच्या नावाखाली सत्रातली वीस मिनिटं शिट्ट्यांवर घालवणारे आहेत. पालकांनी ओळखायचं कसं?

रुणझुण
तीन प्रश्न विचारा. एका सत्रात मुलाकडून साधारण किती वेळा बोलून घेता? हे शब्द कसे निवडले? मूल चुकलं की तुम्ही नेमकं काय बदलता? ज्याला हे काम येतं तो तिन्हींची उत्तरं न थांबता देतो. ‘पुन्हा म्हणायला सांगतो’ हे तिसऱ्याचं उत्तर नव्हे. शिवाय आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका.

माणदेशी
आता शब्दनिवड. इंग्रजीत ‘मी, हाय, नो, अप’ वगैरे याद्या आहेत. मराठीत पहिले पाच-सहा कोणते?

वाचस्पती
मुलाजवळ काय आहे त्यावर अवलंबून, पण विचार कसा करायचा ते सांगतो.

‘आई’: दोन स्वर, जबडा उघड्याकडून मिटत्याकडे, दिसतं छान. स्वरविकृती असलेल्या मुलासाठी उत्तम. ‘दे’ आणि ‘ये’: एक अक्षरी, रोज पन्नासदा लागणारे. ‘घे’ त्यामानाने नंतर, घ मध्ये महाप्राण आणि मागची जीभ दोन्ही आहे आणि बाहेरून काही दिसत नाही. ‘बस’: ओठांपासून सुरू, बंद अक्षर. ‘आत’: स्वर-व्यंजन. ‘नको’: न पुढे, क मागे, सांधा कठीण, तरीही लवकर घ्यावा, कारण याइतका उपयोगी शब्द दुसरा नाही.

‘मामा, बाबा, काका’ सगळे पहिल्यांदा घेतात. त्यात तीच हालचाल दोनदा होते, नवा सांधा नाही. एखादा असू द्या, सगळे नकोत. ‘पाहिजे’ नंतर, आणि तेव्हाही घरी म्हणतात तसं ‘पायजे’.

रुणझुण
‘नको’ आला की पहिल्या आठवड्यात भाजीला, आंघोळीला, झोपायला सगळ्यालाच ‘नको’ ऐकू येतं. पालकांना आधीच सांगून ठेवा आणि निदान सुरुवातीला त्या ‘नको’चा मान राखा, नाहीतर शब्दात ताकद आहे हे मुलाला कसं कळणार? :)

सोनचाफा
हसू आलं, पण हे कोणीतरी आधी सांगायला हवं. शब्द येईपर्यंत चित्रफलक किंवा खुणा वापरल्या तर मूल बोलायचा आळस करेल का?

दिगंत
नाही. चित्रफलकाने बोलणं मागे पडतं असं संशोधनात दिसत नाही. उलट मुलाची चिडचिड कमी होते. गंभीर मुलासाठी पहिल्या दिवसापासून ठेवा.

समुद्रकिनारा
चाचणीचंही मराठीत रूपांतर लागेल. स्ट्रँड आणि मॅकॉली यांची डेम्स ही चाचणी ६० उच्चारांची, नऊ गटांत, एकेका उच्चारावर अचूकता, स्वर, सुरावट, सातत्य. मदत देऊन मूल किती सुधारतं हे त्यात मोजतात, ते फार मोलाचं. पण गुणांच्या सीमारेषा इंग्रजी शब्दांवर ठरल्या आहेत.

वाचस्पती
म्हणून मराठीत सीमारेषा वापरायच्या नाहीत, पद्धत वापरायची. व्यंजन-स्वर, स्वर-व्यंजन, दोन अक्षरी सारखे, दोन अक्षरी वेगळे, बंद अक्षर, तीन अक्षरी (‘बटाटा’, ‘टोमॅटो’), चार अक्षरी, असा चढता क्रम. चुकलं की मदत देऊन पुन्हा, आणि किती मदतीने सुधारलं ते नोंदवायचं. सातत्यासाठी तोच शब्द तीनदा, पण सलग नव्हे, मध्ये दुसरं काम. सातत्य नसणं एवढ्यावर सीएएस म्हणू नका, ध्वनिनियमांच्या एका वेगळ्या दोषातही ते असतं. तिथे स्वर आणि सुरावट बहुधा ठीक असतात आणि अनुकरणाने उच्चार सुधारतो.

खटपट्या
मूळ प्रश्नाकडे: क्रम काय ठरला मग?

वाचस्पती
माझा क्रम असा. आधी मोटर लर्निंगची, म्हणजे हालचाली कशा शिकल्या जातात याची, तत्त्वं, मास आणि सहकाऱ्यांचा २००८ चा लेख, तो पाठ नको पण प्रत्येक तत्त्वाला सत्रातलं एक उदाहरण लिहून काढा. मग डीटीटीसीचा मोफत अभ्यासक्रम. त्यानंतर चार-सहा महिने फक्त तेच, रेकॉर्डिंगसह. मग रेस्ट, जरा मोठ्या आणि सौम्य ते मध्यम मुलांसाठी. प्रॉम्प्ट किंवा नफिल्ड त्यानंतर, हाताशी कोणती मुलं आहेत ते बघून. सीआरई (नोंदणी टिकवण्यासाठीच्या निरंतर शिक्षणाचे) गुण कशाला मिळतात हे पाहून प्रशिक्षण निवडू नका.

दिगंत
मी प्रॉम्प्टची पहिली पायरी रेस्टच्या आधी ठेवेन, विशेषतः तीन-चार वर्षांची मुलं जास्त येत असतील तर. बाकी मान्य.

रुणझुण
रेकॉर्डिंग तपासायचं कसं? सोबत कोणी मार्गदर्शक नसेल तर?

वाचस्पती
पालकांची लेखी संमती घेऊन सत्र चित्रित करा, मधली दहा मिनिटं निवडा. मुलाचे उच्चार मोजा, दहा मिनिटांत चाळीसच्या खाली असतील तर का ते शोधा. थेट अनुकरणाच्या वेळी तुमचे ओठ मुलाबरोबर हलले का? हललेच असतील तर ती पायरी तुम्ही समजता ती नाही. चुकीनंतर काही बदललं की तेच पुन्हा म्हणून घेतलं? मदत कमी केल्याचे क्षण किती? अभिप्राय प्रत्येक उच्चारावर गेला का? हे पाच आकडे एका वहीत, पंधरा दिवसांनी एकदा.

आणि दोघं-तिघं मिळून करत असाल तर एकमेकांच्या फिती तपासा.

माणदेशी
मी तयार आहे. सातारा-सांगलीकडचे अजून कोणी असतील तर महिन्यातून एक संध्याकाळ ऑनलाइन ठरवू. मराठी शब्दयादी रचना-प्रकाराने लावायलाही घेऊ, बोलीच्या नोंदींसकट.

मूर्धन्य
यादीचं ध्वनिलेखन माझ्याकडे द्या. च-ज आणि शेवटचा ‘अ’ मी खुणा करून देतो. वऱ्हाडी आणि मालवणी बोलणारं कोणी असेल तर बरं होईल.

समुद्रकिनारा
मालवणी मी बघते. वेळ भारताच्या रात्री नऊची ठेवलीत तर मला जमेल.